बिल्डरची मानहानीची नोटीस आली, मदत हवी आहे

मंडळी, नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत पार्किंगचं छत गळतंय. बादल्या लावून ठेवल्यात. त्याचे फोटो फेसबुकवर टाकले, तर बिल्डरच्या वकिलाची नोटीस: पोस्ट काढा, माफी मागा, नाहीतर 50 लाखांचा दावा. छत दुरुस्त करायला मात्र कुणी फिरकत नाही!

तोंड बंद करायला ठोकलेले दावे रोखणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, हे माहीत आहे. तरी मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग-झी प्रकरणात (झी कंपनीने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेवर केलेला मानहानीचा दावा) सुप्रीम कोर्टाने अशा दाव्यांबद्दल सावध केलं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही, म्हणजे मानहानीच्या गुन्ह्याच्या कलमात, लोकहितासाठी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला अपवाद आहे. हे सगळं नोटिशीच्या उत्तरातच मांडावं, की दावा लागेपर्यंत हातचं राखावं? पोस्ट तोवर राहू दिली तर चालेल ना? मानहानीची प्रकरणं बघणारे नागपूरचे कुणी वकील माहीत असतील तर मेसेज करा.