‘मे गुस्ता एल काफे’ : कर्ता कोण, कॉफी की मी?

रानजाई : स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी टिपणं काढतेय. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, कारण इंग्रजीत आवडून घेणारा ‘मी’ कर्ता असतो. आपल्याला ती अडचणच नाही. ‘मे’ म्हणजे मला. ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं. प्रश्न एवढाच की टिपणात कर्ता कोणाला म्हणू? एक शिक्षक ‘मे’लाच कर्ता म्हणतात.

पाटीपेन्सिल : धातूला ‘-णारा’ लावून विचारा. आवडणारी कोण? कॉफी. कर्ता कॉफी. शाळेत हेच शिकलो आणि ते बरोबर आहे.

सुपारी : तो नियम परीक्षेपुरता ठीक. ‘आईला आपलं माहेर आवडतं’ यात ‘आपलं’ कोणाचं? आईचं. एरवी हा ‘आपला’ कर्त्याशी जोडलेला असतो. किंवा ‘घरी येऊन मला गाणी ऐकायला आवडतात’. घरी येणारी मी, गाणी नव्हेत. म्हणजे क्रियापद कॉफीचं ऐकतं, पण बाकीचं वाक्य ‘मला’चं. शिक्षक अगदीच चुकीचे नाहीत.

पाटीपेन्सिल : मग चतुर्थीला अर्थ काय उरला? अशी सूट दिली की व्याकरण कशाला हवं!

दर्यावर्दी : स्पेनमध्ये सालामांकाला राहत होतो तेव्हा घरमालकीणबाईंच्या हातून ग्लास फुटला. त्या म्हणाल्या, ‘से मे कायो’. म्हणजे ‘माझ्या हातून पडला’. पाडला नाही, पडला! तेव्हापासून ही भाषा मला परकी वाटली नाही. मुलांना हे वाक्य जरूर द्या. आणि ‘एल’ (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) गाळू देऊ नका, ‘मे गुस्ता काफे’ तिथे चालत नाही. मराठी मुलं नेमकी तिथेच अडखळतात.

जुनी वही : ‘गुस्तार’ हे लॅटिन ‘गुस्तारे’पासून आलं, चव घेणे. संस्कृत ‘जुष्’ (आवडणे) त्याच मुळातला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘अनार्यजुष्टम्’ आठवा. आपली ‘गोष्ट’सुद्धा तिथलीच असणार.

सुपारी : ‘जुष्’ मान्य. ‘गोष्ट’ मात्र ‘गोष्ठी’वरून.

दर्यावर्दी : त्याहून सुंदर म्हणजे ‘तू मे गुस्तास’. तू मला आवडतेस. ‘तू’ही तोच आणि शेवटचा ‘स’ही!

पाटीपेन्सिल : आणि आपल्याकडे तोच ‘स’ गळत चाललाय. ‘तू मला आवडते’, ‘तू कधी येते’. कानाला खुपतं.

संत्रानगरी : का खुपावं? आमच्या घरी आजीपासून सगळे ‘तू कुठे जाते’ असंच बोलतात. नागपूरची मराठी म्हणजे पुण्याची बिघडलेली मराठी नव्हे.

पाटीपेन्सिल : बोलण्याला हरकत नाही. छापताना ‘स’ हवाच.

संत्रानगरी : का? आजीचं वाक्य छापायचं झालं, तर तिच्या तोंडी तुमचा ‘स’ कोण घालणार?

रानजाई : टिपण उद्या छापायला द्यायचंय. कर्त्याचं काय ठरलं?

जुनी वही : ‘स’ मुळात संस्कृत ‘पठसि’मधल्या (तू वाचतोस) ‘सि’चा. तो टाकून देणं मलाही पटत नाही.

संत्रानगरी : संस्कृतचंच धरायचं तर ‘पठति’तला ‘ति’ कुठे गेला? तेव्हा कोणी का नाही रडलं?