मदत हवी आहे: रक्ताची उलटी, दोनदा एन्डोस्कोपी, सापडत काहीच नाही

चिंतातुर_लेक: घाईत लिहितेय. बाबा, ६१. नऊ दिवसांत दोनदा डांबरासारखी काळी संडास, काल रक्ताची उलटी. हिमोग्लोबिन ६.१. चार बाटल्या रक्त चढवलं. एन्डोस्कोपी दोनदा, अल्सर नाही, व्हेरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. अजून किती बघायचं?

खवचट_काका: रक्त पातळ करायच्या गोळ्या? गुडघेदुखीच्या? दारू? जुने आजार? काहीच न लिहिता कोण काय सांगणार?

चिंतातुर_लेक: गोळ्या नाहीत. दारू पाच वर्षांपूर्वी सोडली.

सांगलीकर: सासऱ्यांना हेच! ड्यूलाफॉय निघालं. जठराच्या अस्तराखाली जाडसर धमनी, जखम टाचणीच्या टोकाएवढी. रक्त थांबलं की दिसतच नाही. रात्री दीडला, रक्त वाहत असतानाच दुर्बीण घातली तेव्हा सापडली. क्लिप मारली, संपलं. तिसऱ्यांदा करायला लावाच.

माहेरवाशीण: अडुळशाचा रस, खडीसाखर घालून.

खवचट_काका: हिमोग्लोबिन सहा आणि अडुळसा? रक्त ओकणाऱ्याला तोंडाने काही देऊ नका हो.

पेन्शनर: मेडिक्लेम कॅशलेस आहे ना? आमचा हर्नियाला नाकारला होता.

रात्रपाळी_डॉक्टर: ताई, दारू का सोडली?

चिंतातुर_लेक: पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झाला होता म्हणून. पण तो बरा झाला. अधूनमधून बेंबीच्या वर कळ येते, ती अॅसिडिटीची. आता आठवलं, दोन्ही वेळा आधी कळ, मग काळी संडास.

रात्रपाळी_डॉक्टर: हे पहिल्या ओळीत हवं होतं. स्वादुपिंडाच्या सुजेने शेजारच्या स्प्लेनिक आर्टरीला, म्हणजे प्लीहेच्या धमनीला, फुगा येऊ शकतो. तो स्वादुपिंडाच्या नळीत फुटला की रक्त लहान आतड्यात उतरतं. याला म्हणतात हिमोसक्कस पॅन्क्रियाटिकस. नळीचं तोंड साध्या, समोर बघणाऱ्या दुर्बिणीतून सहसा नीट दिसत नाही, आणि रक्तही थांबून थांबून येतं. सीटी अँजिओग्राफीचं (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) आजच विचारा. फुगा दिसला तर मांडीच्या धमनीतून कॅथेटर नेऊन कॉइलने (बारीक तारेच्या गुंडाळीने) बंद करतात. नाही जमलं तर ऑपरेशन.

सांगलीकर: तरी ड्यूलाफॉय जास्त कॉमन.

रात्रपाळी_डॉक्टर: असेल. यांची हिस्टरी वेगळी आहे.

चिंतातुर_लेक: सीटी झाली. स्प्लेनिक आर्टरीला दोन सेंटिमीटरचा फुगा. इथे कॉइल करणारं कुणी नाही, दुसरीकडे हलवतोय. अॅम्ब्युलन्समधून लिहितेय. बी पॉझिटिव्ह कुणी आहे का?

माहेरवाशीण: मी आहे. पण कुठलं गाव, कुठलं हॉस्पिटल? तेही लिहिलं नाहीस, बाई!