टॉकबॅक: बोट सरकवलं की भलतंच निवडलं जातं

प्रश्न: टॉकबॅक, म्हणजे न बघता फोन वापरता यावा म्हणून स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय, नुकतंच सुरू केलंय. उजवीकडे स्वाइप केल्यावर कधी पुढचा आयकॉन वाचतो, कधी मध्येच कुठला तरी. टाइप करताना अक्षरं दोनदा उमटतात. काय चुकतंय?

उत्तर १: वेग चुकतोय. बोट हळू सरकलं तर फोनला वाटतं तुम्ही चाचपताय, मग बोटाखाली येईल ते तो वाचतो. स्वाइप म्हणजे काचेवरची धूळ झटकावी तसा छोटा, झटपट फटका. तो स्क्रीनवर कुठेही मारा, आयकॉनवरच मारायची गरज नाही. डबल टॅपचंही तसंच: जे शेवटचं ऐकलं तेच उघडतं.

उत्तर २: अक्षरांचं कारण वेगळं. बऱ्याच कीबोर्डवर बोट उचललं की अक्षर उमटतं, त्यावर डबल टॅप केलं की पुन्हा उमटतं. बोट टेकवा, न उचलता सरकवत 'क' ऐका, मग उचला. चुकीच्या अक्षरावर असाल तर कीबोर्डच्या बाहेर, वर सरकवून सोडा. काहीच उमटत नाही. फार वेळ दाबून धरू नका, जास्तीच्या अक्षरांची पट्टी उघडते.

उत्तर ३: पान सरकवायला दोन बोटं, थोडं अंतर ठेवून. चिकटलेली बोटं फोन एकच धरतो. आणि आधी सराव कराच: टॉकबॅक सेटिंगमध्ये शिकवणी आहे, तिथे काही बिघडत नाही. आवाजाचा वेग सुरुवातीला कमीच ठेवा, घाई नको.

प्रश्नकर्ता: बोट उचलून टाइप झालं! पासवर्ड मात्र नुसते ठिपके वाचतो.

उत्तर २: सेटिंगमध्ये पासवर्ड बोलण्याचा पर्याय आहे. इअरफोन लावूनच वापरा.