उत्तर: तीन वर्षांची मुलगी पाय आत टाकून चालते

बाजारातून 'खास बूट' आणायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो आधी बाजूला ठेवा. या वयात पावलं आत पडतात ती बहुतेकदा पायाच्या हाडाला पीळ असतो म्हणून. बुटाने, पट्ट्याने किंवा मालिशने हाडाचा पीळ सुटत नाही. तो वाढीसोबत आपोआप कमी होतो.

पीळ कुठे आहे ते घरीच बघा. मुलीला उघड्या पायांनी, चड्डीवर, शहाबादी फरशीवरून सरळ तुमच्याकडे चालत येऊ द्या. नजर गुडघ्याच्या वाट्यांवर ठेवा. वाट्या समोर आणि पावलं आत असतील तर पीळ नडगीत. बहुतेक मुलांत तो वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत जातो. वाट्याही आत वळल्या असतील तर मांडीच्या हाडात. तो जायला वयाची आठ-दहा वर्षंही लागतात. अशी मुलं फतकल मारून, पाय मागे दोन बाजूंना टाकून बसतात. त्यावरून ओरडू नका, फरक पडत नाही. दमल्यावर जास्त अडखळणंही यातलंच.

मात्र एकच पाय आत, दुखणं, लंगडणं, दर महिन्याला वाढत जाणं, किंवा दीड वर्षाचं होऊनही न चालणं, यातलं काही असेल तर थांबू नका. सिव्हिलच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवा.

तान्ह्या बाळाचं पाऊल आत वळलंय, टाच वर ओढलेली आहे आणि हाताने सरळ होत नाही, तर ते वाकडं पाऊल. तिथे पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याचं प्लास्टर सुरू व्हायला हवं. नंतरचे ब्रेसचे, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारे, बूट मात्र खरंच लागतात, मूल चार वर्षांचं होईपर्यंत रात्री. पाय सरळ दिसतोय म्हणून ते मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळतं.