फिट अशीही असते: मुलांमधल्या चटकन लक्षात न येणाऱ्या झटक्यांचे अनुभव

रत्नागिरी, आई

फिट म्हटलं की आपल्याला हातपाय झाडणारं, तोंडाला फेस आलेलं मूल आठवतं. माझ्या मुलीला तसं कधीच झालं नाही. ती फक्त थांबायची. बोलता बोलता वाक्य अर्धवट सुटायचं, नजर समोर लागायची, पापण्या हलकेच फडफडायच्या आणि दहा-पंधरा सेकंदांत ती पुन्हा बोलू लागायची. मधे काही घडलं हे तिला ठाऊकच नसायचं. घरात सगळे म्हणायचे, पोर तंद्रीत असते.

वेगळं वाटलं ते तिच्या बाईंना. शुद्धलेखन घातलं की वाक्यातले मधलेच दोन-तीन शब्द वहीत नसायचे. आधीचे बरोबर, नंतरचे बरोबर. कच्च्या मुलाचं शुद्धलेखन असं चुकत नाही, हे त्यांनी मला शाळेत बोलावून वही दाखवून सांगितलं. पुढे बालरोगतज्ज्ञांनी तिच्यासमोर कागदाची पट्टी धरली आणि त्यावर फुंकर मारत राहायला सांगितलं. दोनेक मिनिटांत ती त्यांच्यासमोरच थांबली. (हे घरी करून बघायचं नाही, डॉक्टरांसमोरच.) ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीत, सेकंदाला तीनच्या गतीने येणाऱ्या लहरी दिसल्या. याला ॲब्सन्स एपिलेप्सी म्हणतात. साधारण चार ते दहा या वयात ती सुरू होते आणि असे झटके दिवसात कितीतरी वेळा येऊ शकतात. औषधाने तिचं थांबणं बंद झालं.

आपल्या भागातल्या पालकांना, आजी-आजोबांना आणि शिक्षकांना मी लिहायला सांगितलं आहे. तुम्हाला आधी काय दिसलं, कोणाला दिसलं, डॉक्टरांनी काय विचारलं, तपासण्या कुठे झाल्या? औषधाचा डोस कृपया लिहू नका, प्रत्येक मुलाचं वजन आणि आजार वेगळा असतो.

देवगड तालुका, आई

आमचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. झोपेतून उठला की दोन्ही हात एकदम वर यायचे, मान पुढे झुकायची, क्षणभर अंग ताठ आणि मग सैल. काही सेकंदांनी परत तेच. असं ओळीने बरेचदा व्हायचं आणि शेवटी रडायचा. सासूबाई म्हणाल्या, "दचकता तो. नजर लागली हा तेका." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या पोटात वारा धरलाय, म्हणून ओव्याचा शेक दिला.

मला खटकलं ते निराळंच. तो हसेनासा झाला होता. पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडे आधी टक लावून बघायचा, आता नजर त्याच्यावरून निसटून जायची. आशाताई लसीकरणाचं सांगायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर एकदा झालं. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइल बाहेर काढला. म्हणाल्या, दचकणं आवाजाने होतं आणि एकदाच होतं. हे आवाज नसताना ओळीने होतंय, आजच दाखवा.

कणकवलीच्या डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. उद्या नको, इथूनच पुढे निघा म्हणाले. आम्ही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेलो. घरून कोल्हापूरही सुचवत होते, पण पावसात घाटाचा भरवसा नव्हता. ईईजी झाला आणि इन्फन्टाइल स्पाझम्स, म्हणजे तान्ह्या बाळांमधली फिट, हे नाव कळलं. दिसायला इतकी छोटीशी गोष्ट, पण मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने ही तातडीची. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं, इथे आठवडेसुद्धा मोजतात. एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं, तोंडावाटे स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन, यातलं काय द्यायचं ते कारण बघून ठरवतात. आमच्या बाळाला इंजेक्शनं दिली. तेवढे दिवस रक्तदाब आणि साखर बघत होते, आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पाहुण्यांना बाळाजवळ येऊ दिलं नाही. चेहरा गोल गरगरीत झाला होता, तो नंतर उतरला.

हा आजार वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1841 साली 'लॅन्सेट'ला पत्र लिहून प्रथम सांगितला, आणि त्या पत्रातलं बाळ त्यांचं स्वतःचंच होतं. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला. घरचं माणूस रोज बघतं म्हणून त्याला दिसतं.

मुलाचे झटके थांबले. चालायला उशिरा लागला, बोलण्याची थेरपी अजून चालू आहे. सगळ्याच मुलांचं इतकंही होत नाही, म्हणून मी इथे काही गोड करून लिहीत नाही. पण चार ते सात महिन्यांचं बाळ उठल्या उठल्या असं ओळीने झुकत असेल, तर मला कोणी विचारू नका, थेट डॉक्टरकडे जा.

गुहागर, वडील

आमच्याकडे फिट नव्हती, तेही लिहावं म्हणून लिहितोय. मुलगी दीड वर्षाची. हातातलं काही काढून घेतलं की रडायला तोंड उघडायची, आवाजच नाही, ओठ निळे आणि मग अंग सैल पडायचं. घरात हंबरडा. डॉक्टरांनी एकच गोष्ट खोदून विचारली: आधी रडणं की आधी निळं पडणं? दर वेळी आधी रडणंच असायचं. याला श्वास रोखण्याचे झटके म्हणतात, वाढत्या वयात जातात. ईसीजी काढून हृदय ठीक असल्याची खात्री केली. रक्तात लोह कमी निघालं, ते सुरू केल्यावर बरंच कमी झालं. फिट नाही हे कळायलासुद्धा डॉक्टर लागतात.

चिपळूण, परिचारिका (बालरुग्ण विभाग)

गुहागरच्या दादांनी लिहिलेला प्रश्न फार मोलाचा आहे. असेच आणखी काही प्रश्न डॉक्टर विचारतात, त्यांची उत्तरं घरूनच घेऊन या. हाक मारून, खांद्याला हात लावून मूल भानावर येतं का? स्वप्नात रमलेलं मूल येतं, फिटमधलं येत नाही. दर वेळी अगदी तसंच होतं का? हलणारा हात हलकेच धरला तर थांबतो का? नवजात बाळाचे हातपाय फक्त झोपेत उडत असतील आणि जागं केल्यावर लगेच थांबत असतील, तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. झटक्यानंतर मूल सुस्त होतं, झोपतं की लगेच खेळायला लागतं?

व्हिडिओ काढताना चेहरा आणि सगळं अंग दिसू द्या. पांघरूण बाजूला, दिवा लावलेला. मुलाला नावाने हाक मारत राहा, म्हणजे प्रतिसाद आहे की नाही ते त्यात येतं. थांबल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. एकटे असाल तर मात्र मोबाइल बाजूला, आधी मूल.

ईईजीला येताना आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडे खोबरेल चोपडून, भांग पाडून मुलांना आणतात आणि मग इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. झोपेतला ईईजी असेल तर रात्री जागवायला सांगतात. ते मूल मग पहाटेच्या एसटीत गाढ झोपतं आणि टेबलावर टक्क जागं राहतं. म्हणून वाटेत झोपू देऊ नका, गाणी म्हणा, गोष्टी सांगा. ईईजीने दुखत नाही, शॉक देत नाहीत, हे मुलालाही सांगा आणि आजीलाही. आणि एक ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असं ठरत नाही. तासाभरात मेंदूत काही घडलंच नाही तर मशीन काय टिपणार?

मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल अजूनही नाकाशी धरतात. त्याने फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा आपली आपण थांबते म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. पाच मिनिटांपुढे गेली, लागोपाठ आली किंवा मधे शुद्धच आली नाही तर 108 ला फोन करा. आमच्या वाड्यांपर्यंत गाडी यायला वेळ लागतो, त्यामुळे फोन करतानाच गावातल्या रिक्षावाल्यालाही सांगून ठेवा. आधी फिट येऊन गेलेल्या मुलासाठी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे मिळतो. तो घरात ठेवायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

मालवण, आजोबा

नातू सात वर्षांचा. खेळता खेळता "आजोबा, पोटातून कायतरी वर येता" म्हणत घाबरून येऊन बिलगायचा. मग ओठ चाटायचा, शर्टाची गुंडी चाळत राहायचा, विचारलं तर बोलायचा नाही. मिनिटभराने दमल्यासारखा. जंताचं औषध दिलं, काही फरक नाही. मुंबईला वाडिया रुग्णालयात दाखवलं, एमआरआय झाला. मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट होती. औषध चालू आहे.

दापोली तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

शिक्षकांसाठी लिहितो. वर्गात रोज पाच तास मूल आपल्यासमोर असतं. 'लक्ष नसतं' असा शेरा लिहिण्याआधी आठवडाभर तारीख, वेळ, काय करत असताना थांबलं आणि किती सेकंद, एवढं टिपावं. माझ्या वर्गातला एक मुलगा पाढे म्हणताना बाराचोकनंतर गप्प व्हायचा आणि थेट बारसातपासून सुरू करायचा. मुलं हसायची. मी त्यांचं हसणं बंद केलं आणि टिपणं ठेवली. तोच कागद त्याच्या आईने डॉक्टरांना दाखवला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम 2013 साली पालघरहून सुरू झाला, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत फिट्सचा समावेश आहे. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पण पथक येईपर्यंत वाट बघू नका.

आमच्याकडे मुलं वहाळावरचा साकव ओलांडून येतात. निदान होईपर्यंत अशा मुलाबरोबर मोठं मूल हवंच. विहिरीच्या काठावर, पऱ्ह्यात, समुद्रात एकटं नको. दहा सेकंदांची फिट घरात काहीच करत नाही, पाण्यात मात्र जीव घेऊ शकते.

वेंगुर्ले, वडील

मी होडीवर जातो, पहाटे उठतो, म्हणून मलाच दिसलं. नऊ वर्षांचा मुलगा झोपेत घशातून गुरगुर आवाज काढायचा, तोंड एका बाजूला ओढलं जायचं, लाळ गळायची. डोळे उघडे, माझ्याकडे बघतोय, पण बोलता येत नाही. नंतर सांगायचा, "बाबा, माका सगळा ऐकाक येत होता." माझ्या वडिलांनी गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. मी अडवलं नाही, त्यांचा जीव नातवात आहे. त्याच दिवशी मी मुलाला घेऊन डॉक्टरकडेही गेलो. झोपेतल्या ईईजीवर कळलं की हा मुलांमधला नेहमी दिसणारा प्रकार आहे, रोलँडिक म्हणतात, आणि बहुतेकांचा वयात येताना आपोआप थांबतो. आमच्याकडे तूर्त औषध नाही, फक्त लक्ष ठेवायचं.

कुडाळ, कॉलेजातली मुलगी

माझं नववीत सुरू झालं. जत्रेला रात्रभर दशावतार बघायचा, पहाटे घरी यायचं आणि सकाळी चहाचा कप हातातून उडायचा. कधी ब्रश, कधी कंगवा. सगळे म्हणायचे धांदरट. मला स्वतःला कळायचं की हात मी हलवलेला नाही, तो आपणच उडाला. पण हे सांगायचं कोणाला आणि कसं? नंतर दहावीच्या अभ्यासाच्या जागरणात एकदा मोठी फिट आली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता: सकाळी उठल्यावर हात उडतात का? मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

याला जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात, किशोरवयात सुरू होणारी, हात असे उडवणारी फिट. औषध बहुधा बरीच वर्षं घ्यावं लागतं आणि मनाने बंद करायचं नाही. मुलींच्या आयांना मुद्दाम सांगते, व्हॅल्प्रोएट या औषधाचा पुढे गरोदरपणात बाळावर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच स्पष्ट बोला. मला दुसरं औषध दिलं आहे. दशावतार आता मध्यरात्रीपर्यंतच बघते. लग्नाचं काय, हा प्रश्न आईला नातेवाईक माझ्यादेखत विचारतात. आई म्हणते, आधी तिची परीक्षा होऊ दे.

अलिबाग तालुका, वडील

सगळं वाचलं. माझी मुलगी पाच वर्षांची, जेवताना घास हातात धरून थांबते, डोळे किंचित वर जातात, हाक मारली तरी बघत नाही, मग घास तोंडात घालते. दिवसातून किती वेळा होतं ते नक्की नाही. घरचे म्हणतात शिमगा होऊ दे, मग बघू.

रत्नागिरी, आई

दादा, शिमग्याची वाट बघू नका. आज-उद्या जेवताना मोबाइल समोर टेकवून ठेवा, हाक मारलेली आवाजात येऊ द्या. तो व्हिडिओ घेऊन याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागा. व्हिडिओ नाही जमला तरी जा. बाईंनाही विचारा, शाळेत डबा खाताना असंच होतं का. तोवर तिला विहिरीवर, गच्चीवर आणि समुद्रावर एकटी सोडू नका. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा.