अनुभव धागा: 'बरंय' म्हणून वेळ मारून नेली, तेव्हा आत काय चाललं होतं?

धागाकर्ती: जिन्यात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, "काय, कसं काय?" आणि तोंडातून 'मजेत' निघून जातं. तेव्हा आत काय चालू होतं ते इथे लिहा. ओळख पटेल असं काही नको. आणि कृपा करून एकमेकांना उपाय सुचवू नका. गेल्या वेळी सगळी चर्चा प्राणायामावर जाऊन अडकली होती.

एसटी वाहक: बायकोची केमो चालू होती. डेपोत साहेब विचारायचे, "काय, बरं चाललंय ना?" "एकदम ओके साहेब." खरं सांगितलं असतं तर त्यांनी रजा दिली असती. रजाच नको होती. सुट्ट्या पैशांवरून भांडणारी माणसं होती म्हणून दिवस सरायचा.

आशा सेविका, यवतमाळ जिल्हा: शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची. झोप लागते का, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का. उत्तर ठरलेलं, "सगळं बरं हाय ना ताई." सासू चुलीपाशी, दीर ओट्यावर, पोरं अंगावर. अशात कोण खरं बोलेल? मग मी कागद पिशवीतच ठेवू लागले. बाई धुणं घेऊन निघाली की सोबत जायचं, नाहीतर कापूस वेचताना तिच्या शेजारची ओळ धरायची. वेचताना दोघींची मान खाली असते, तोंड बघावं लागत नाही. एकीनं तसंच खाली बघत सांगितलं की मालक रात्री उठून गोठ्यात बसतात, आणि फवारणीचा डबा तिनं लपवून ठेवलाय. त्याच घरच्या कागदावर सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' होतं. मालकांना जिल्हा रुग्णालयात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. आता रस्त्यात दिसले की म्हणतात, "बरं हाय ताई." मी मान डोलावते आणि त्यांच्या बायकोला गाठते.

नाव नको, ठाणे: गर्भ राहायचा आणि जायचा. हळदीकुंकवाला हमखास, "काय मग, गोड बातमी कधी?" "होईल हो काकू, तुमचे आशीर्वाद." वर हसायचं. जावेच्या डोहाळजेवणाला झोपाळा मीच सजवला, ओटीही भरली. सगळे म्हणाले, किती मोठ्या मनाची! मोठं मन वगैरे काही नाही. गेले नसते तर कारण सांगावं लागलं असतं.

धागाकर्ती: आशीर्वाद मागून समोरचीला गप्प करणं आपल्याला कधी शिकवलं कोण जाणे, पण येतं सगळ्यांना.

स्पर्धा परीक्षावाला, सदाशिव पेठ: निकालानंतर घरून फोन. "अभ्यास कसा चाललाय?" "चालूय अण्णा." अण्णांनी शेत गहाण ठेवलंय, त्यांना अजून काय सांगणार? मी मेसला जात नाही हे रूम पार्टनरच्या लक्षात आलं. त्यानं १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, मध्यरात्रीही. तिथेही माझं पहिलं वाक्य, "तसं विशेष काही नाही." पलीकडच्या ताई म्हणाल्या, "चालेल, विशेष नसलेलं सांगा." अर्धा तास सांगत होतो.

निवृत्त, सांगली: थोडं विरुद्ध बोलतो. ही गेल्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी विचारायची, "कसे आहात?" मी "बरंय" म्हणायचो आणि आम्ही उसाच्या दराकडे वळायचो. मला तेच हवं होतं. भेटेल त्याच्यापुढे मन मोकळं करा, हा आग्रह मला पटत नाही. रडायला माझा धाकटा भाऊ होता. ज्याला तसं एकही माणूस नाही, त्याची गोष्ट वेगळी.

फ्रँकफर्टहून: दर रविवारी व्हिडिओ कॉल. आई म्हणते, "इकडची काळजी करू नकोस गं." मी म्हणते, "इकडेही मस्त." बाबांचं ऑपरेशन झाल्याचं मला मावसबहिणीच्या स्टेटसवरून कळलं. माझी नोकरी गेलेली त्यांना अजून माहीत नाही. फिट्टंफाट.