स्पितीच्या डोंगरात शंख कसे काय?

प्रश्न: हिमाचलमधल्या स्पितीतल्या लांग्झा गावाला जाऊन आलो, तिथे काळा ठिसूळ दगड, हाताने पापुद्रे निघतात आणि आत चक्राकार शंखासारखे ठसे! एवढ्या उंचीवर समुद्रातलं कसं आलं? आजीच्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामातही अगदी असंच चक्र आहे.

– ते अमोनाइट, म्हणजे चक्राकार कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव. दगड म्हणजे स्पिती शेल (शेल म्हणजे चिखलापासून बनलेला, पापुद्रे निघणारा खडक), साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल, भारत आशियाला धडकला तेव्हा तो तळच वर उचलला गेला.

– शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीतले, तिथेही याच काळातली शेल आहे. शंखाभोवती चिखल घट्ट होऊन गोटा बनतो, शेल झिजते आणि गोटा नदीत येतो. किती सुंदर आहे हे!

– उचलून आणलं नाहीस ना? प्लीज तिथेच राहू दे रे.